रोजच्या खर्चातून समुद्र दिसेल का? दारव्ह्याच्या ताईंना उत्तर

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस, सोयाबीन आणि तूर. घरात नवरा-बायको, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ व सहा वर्षांची दोन लेकरं. ताई शिलाईचं काम करतात. घरातल्या कोणीच अजून समुद्र पाहिलेला नाही. कापूस विकल्याचा पहिला चुकारा नुकताच आलाय. त्या विचारतात: "येत्या उन्हाळ्यात नाही, पण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रोजच्या खर्चातून वाचवून जाता येईल का? हातात तर महिन्याला काहीच उरत नाही. आणि मालकांना हे कसं सांगू?"

ताई, जाता येईल. पण सगळा पैसा रोजच्या खर्चातून निघणार नाही, निम्मा निघेल. बाकीचा निम्मा चुकाऱ्याच्या दिवशीच बाजूला काढावा लागेल. पगारदार माणसाला देतात तो सल्ला आपल्याकडे इथेच फसतो. त्याचा पैसा दर महिन्याला येतो. आपला वर्षातून दोन-तीनदा येतो आणि खर्च मात्र रोज होतो.

आधी आकडा ठरवू. "सहलीसाठी थोडे थोडे टाकते" असं म्हणून सुरू केलेले डबे पोळ्यापर्यंत रिकामे झालेले मी किती तरी घरांत पाहिलेत.

दारव्ह्याहून बडनेऱ्यापर्यंत एसटी, कारण दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे आता धावत नाही. बडनेऱ्याहून गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस मिळते. ती जवळजवळ एक दिवस घेते, पण गाडी बदलावी लागत नाही, आणि सासूबाई सोबत असताना हे फार मोलाचं आहे. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन आणि मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून एसटीनं रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे. देऊळ किनाऱ्यालाच आहे, त्यामुळे सासूबाईंचं दर्शन आणि लेकरांचा समुद्र एकाच जागी होतो.

स्लीपरचं एका माणसाचं तिकीट ५५० रुपये धरा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ हवा असेल तर रेल्वे पूर्ण भाडं घेते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. म्हणून पाचही जणांचं पूर्ण भाडं धरून जाऊन-येऊन ५,५०० होतात. एसटीत चित्र उलटं आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यात तुम्ही आणि सासूबाई दोघी आल्या. लेकरांनाही अर्धं. पूर्ण तिकीट फक्त तुमच्या मालकांचं, म्हणजे पाच माणसं तीन तिकिटांत जातात. एसटीचे सगळे मिळून २,५०० पुरतात. चार रात्रींचा मुक्काम साध्या खोलीत १,२०० प्रमाणे ४,८००. पाच दिवसांचं जेवण ४,०००, कारण गाडीतले दोन दिवस तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निघतात. रिक्षा, ओटी, लेकरांचे हट्ट, शेजारणीसाठी कोकम हे सगळं २,७००. बेरीज १९,५००. त्यावर अडीअडचणीला २,५०० ठेवले की २२,००० झाले. भाडं थोडं इकडेतिकडे होईल, पण ठरवायला एवढा आकडा पुरेसा आहे.

आता हे येणार कुठून? या डिसेंबरपासून पुढचं अख्खं वर्ष धरून त्याच्या पुढच्या मार्चपर्यंत सोळा महिने आहेत. महिन्याला ७०० प्रमाणे ११,२०० रुपये रोजच्या खर्चातून काढायचे. या हंगामाच्या चुकाऱ्यातून ५,००० आणि पुढच्या हंगामाच्या चुकाऱ्यातून ५,०००. एकूण २१,२००, आणि वर व्याजाचे सात-आठशे. आकडा जमला.

चुकाऱ्यातले पहिले ५,००० मात्र याच आठवड्यात काढा. सोयाबीन आणि कापसाचा पैसा संक्रांतीपर्यंत घरात "आहे" असं वाटतं. मग कृषी केंद्राची उधारी, मजुरी, किराण्याचं खातं आणि एखादं लग्न येतं, आणि होळीला तो नसतो.

एक अट आधी सांगून ठेवतो. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं जात असेल तरच ही सहल. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. तारीख चुकली की सवलत जाते. एक लाखाच्या कर्जावर सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे सात हजार होतात, आणि रोजचा चहा बंद करूनही तेवढे वाचत नाहीत. तसंच गावातल्या कोणाचे शेकडा तीन रुपये महिन्याने घेतलेले असतील तर ते वर्षाला ३६ टक्के झाले. बँक तुम्हाला सहा-सात टक्के देणार. असं कर्ज डोक्यावर ठेवून सहलीसाठी साठवणं म्हणजे एका हाताने भरणं आणि दुसऱ्याने सांडणं. आधी ते फेडा, समुद्र एक वर्ष थांबेल.

आता महिन्याच्या ७०० रुपयांकडे येऊ. बचत गटांच्या वह्या तपासणं आणि बायाबापड्यांना बँकेचा व्यवहार समजावणं हेच माझं काम राहिलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. खर्च टाळला म्हणजे पैसा साठला, असं होत नाही. आज पानठेल्यावर न गेलेले वीस रुपये संध्याकाळी दुसऱ्या कशात तरी जातात, आणि महिन्याच्या शेवटी माणूस म्हणतो, "एवढं सोडलं, तरी हाती काही नाही." टाळलेला रुपया त्याच दिवशी वेगळ्या जागी गेला तरच तो वाचला. आणि कागदावर जेवढं वाचताना दिसतं, त्याच्या निम्म्यावरच बेत करायचा.

खर्‍यापासून सुरू करतो, कारण आपल्याकडे रोजच्या खर्चात सर्वांत मोठं भोक तेच असतं आणि घरात त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. सुपारी-तंबाखूचा वीस रुपयांचा खर्रा, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याचे १,२०० आणि सोळा महिन्यांचे १९,२००. जवळजवळ अख्खी सहल. हा हिशेब ऐकून अनेक बाया नवऱ्यासमोर विजयी मुद्रेनं उभ्या राहतात आणि त्याच दिवशी भांडण होतं. खर्रा सवयीने चालतो, हिशेबाने सुटत नाही. त्यात तंबाखू आहे. एकदम सोडलेला माणूस चौथ्या दिवशी चिडचिडा होतो आणि आठव्या दिवशी ठेल्यावर दिसतो. म्हणून दोनचा एक होईल, इतकंच धरा. तेही महिन्यातले निम्मे दिवस जमेल असं समजा. म्हणजे महिन्याचे ३००. तोंडाचं भलं होईल ते वेगळं, पण ते या हिशेबात घेऊ नका.

दुसरे लेकरांचे पुडे. शाळेच्या वाटेवर पाच-दहा रुपयांचं काही ना काही लटकलेलं असतंच. दोन लेकरं, रोज दहा-दहा, पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याचे पाचशे. पूर्ण बंद करू नका. सगळी लेकरं खात असताना आपलंच लेकरू बघत उभं राहिलं तर ते दुसऱ्याकडे मागायला शिकतं. एक दिवसाआड द्या. मधल्या दिवशी घरचे फुटाणे, शेंगदाणे, मुरमुऱ्याचा चिवडा द्या आणि त्या दिवसाचे दहा रुपये लेकराच्याच हाताने गल्ल्यात टाकू द्या. गल्ल्यावर समुद्राचं चित्र त्यालाच काढू द्या. पैशापेक्षा याचा उपयोग असा की घरात सहलीची आठवण रोज करून देणारे दोन पहारेकरी तयार होतात, आणि ते बापालाही सोडत नाहीत. इथून २५०.

तिसरी तालुक्याची चक्कर. मोटारसायकलवर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर म्हणजे पाऊण-एक लिटर पेट्रोल. तिथे गेल्यावर चहा, तर्री पोहा, कोणीतरी भेटतं, त्याचाही चहा. एका चकरेचे दीडशे कुठे जात नाहीत. आणि निम्म्या चकरा एका कागदासाठी असतात: सातबारा, बँकेचं पासबुक, खताची चौकशी. ही कामं वहीत लिहून ठेवा आणि एका दिवशी जोडा. महिन्यात एक चक्कर कमी झाली की १५० सुटले. तुमचं एकटीचं काम असेल तर एसटीनं अर्ध्या तिकिटात जा.

तीनशे, अडीचशे आणि दीडशे मिळून सातशे झाले. एवढंच करा. अजून दहा ठिकाणी कात्री लावायला जाऊ नका, कारण दहा नियम कोणत्याच घरात तीन महिने टिकत नाहीत.

बाकीच्या जागा मी मुद्दाम मोजल्या नाहीत, पण तिथून काही आलं तर अडचणीच्या रकमेत टाका. सासूबाई फक्त फोन उचलतात ना? मग त्यांना इंटरनेटचा पॅक कशाला? ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर २०२५ पासून फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक आले आहेत. महिन्याला चाळीस-पन्नास वाचतील. आणि २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज, हेही ध्यानात ठेवा. सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. तिथे नसेल तर जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी भावात मिळते. डॉक्टरांना विचारून घ्या, गोळी मात्र बंद करू नका.

शांपूच्या पुड्यांबद्दल लोक उगाच बोलतात. बाटलीपेक्षा एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने अनेकदा स्वस्तच पडते. उलट तेल, चहापत्ती, डाळ रोज दहा-वीस रुपयांची आणली तर महाग पडते.

डाळीवरून आठवलं. "तूर विकतो आणि डाळ विकत आणतो, हे बंद करा" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो पूर्ण चुकीचा नाही, पण त्यातली बचत वाटते तेवढी नाही. पाच माणसांच्या घराला वर्षाला साठेक किलो डाळ लागते. त्यासाठी ऐंशी-पंच्याऐंशी किलो तूर ठेवावी लागेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल गावात किंवा शेजारच्या गावात असेल तर क्विंटलमागे सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ निघते. ७५ रुपये किलोची ८० किलो तूर म्हणजे ६,०००. तिची ५८ किलो डाळ दुकानात १३० च्या भावाने ७,५०० च्या आसपास. भरडाई वजा केली की हजार-बाराशे उरतात, आणि चुणी ढोरांना. ठीक आहे, घरची डाळ खायलाही चांगली. पण ते सहा हजार फेब्रुवारीत हातात येत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच पीककर्ज भरायचं असतं. कर्जाची सोय झाली असेल तरच तूर ठेवा.

कशाला हात लावायचा नाही तेही सांगतो. बाया बचत करायला बसल्या की पहिली कात्री स्वतःच्या ताटाला लावतात. दूध फक्त लेकरांना, भाजी उरली तर आपण, चष्मा पुढच्या वर्षी. तुमचं खाणं, लेकरांचं दूध-अंडी, औषधं आणि पीकविम्याचा हप्ता यातून सहलीचा एक रुपयाही निघता कामा नये. लाडक्या बहिणीचे दीड हजार येत असतील तर ते आधीच घरात मुरलेले असतात, म्हणून तेही मी धरले नाहीत.

पैसा ठेवायचा कुठे? घरात नाही. गल्ला फक्त आठवड्यापुरता. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्ला मोजायचा आणि बाजारात शिरायच्या आधी तो बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, तुमच्या खात्यात भरायचा. क्रम उलटा झाला तर भरायला काही उरत नाही. खातं तुमच्या नावाचं असू द्या आणि मालकांच्या पीककर्जाच्या बँकेपेक्षा वेगळ्या बँकेत. कर्ज थकलं तर बँक त्याच कर्जदाराच्या ठेवीकडे बघू शकते, आणि तो गुंता नकोच. या खात्याला फोनवरचं पैसे पाठवण्याचं अॅप जोडू नका. स्कॅन करून दिलेले पन्नास रुपये हातातून गेल्यासारखे वाटत नाहीत.

याच खात्यातून दर महिन्याच्या ठराविक तारखेला ७०० ची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुरू करा. मुदत सोळा महिने. इथे बऱ्याच जणी पोस्टात जातात. पोस्ट सुरक्षित आहे, पण पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. दीड वर्षाच्या सहलीला ती चालत नाही. बँकेची आरडी वर्ष-दीड वर्षाचीही मिळते. चुकाऱ्याचे पहिले ५,००० एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाका. त्यासाठी पोस्टाचीही एक वर्षाची ठेव चालेल. फॉर्मवर वारसाचं नाव लिहायला विसरू नका.

बचत गटातली बचत यात मिसळू नका. ती गटाची आहे, तिच्यावर अंतर्गत कर्जं चालतात आणि हवी तेव्हा काढून मिळत नाही. सहलीसाठी गटाचं कर्ज तर नाहीच. आणि "महिन्याला हजार भरा, वर्षाने यात्रा घडवतो" म्हणणारा गावोगाव फिरतो, त्याच्याकडे पैसे देऊ नका. अशा ठेवी घ्यायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा असला तरी गेलेला पैसा परत यायला वर्षं लागतात. भिशीत ओळखीच्या बाया असतील आणि शेवटचा नंबर घ्यायची तयारी असेल तर ठीक. तरी मी आरडीच सांगेन.

खरी परीक्षा जूनमध्ये आहे. मृग लागला की डीएपीचं पोतं, बियाणं, डवरणीची मजुरी, सगळं एकदम येतं. मालक म्हणतील, "तुझ्या आरडीतले दे, कापूस आला की टाकू." तो कापूस येतो, पण पैसा परत टाकलेला मी क्वचितच पाहिला. म्हणून आजच, डिसेंबरात, डोकं शांत असताना दोघांनी बसून ठरवा की आरडी कशासाठी मोडायची. माझ्या मते फक्त दवाखान्यासाठी. खतासाठी पीककर्ज आहे. हे त्याच वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. लोक सहीला हसतात, पण जूनमध्ये ती कामाला येते.

आणि ऑक्टोबरच्या पावसाने सोयाबीन गेलं, कापसाची बोंडं काळी पडली तर? तर दुसरे ५,००० निघणार नाहीत. अशा वर्षी आरडी मोडू नका, सहल छोटी करा. अमरावती-परतवाड्याहून एसटीनं चिखलदरा, दोन रात्री, सहा-सात हजारांत पाचही जणांचं होतं. समुद्र नाही, पण आपल्याकडे पारा ४५ ला असताना तिथे रात्री अंगावर पांघरूण लागतं. उरलेला पैसा पुढच्या वर्षाच्या समुद्राला.

तारखांचं गणित चुकवू नका. दिवाळीच्या सुट्ट्या आपल्या उपयोगाच्या नाहीत, तेव्हा सोयाबीन काढणी आणि वेचणी असते. मे महिन्याचा पहिला आठवडा बरा. परीक्षा झालेल्या, पेरणीला महिना आहे, आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. महिना संपत आला की कोकणात समुद्र खवळायला लागतो. पहिल्या आठवड्यातही गणपतीपुळ्याच्या समुद्रात गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, तिथे ओढ आहे आणि बुडण्याच्या घटना होत राहतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. म्हणजे तिकिटाचे पैसे मार्चच्या सुरुवातीलाच लागतील, आणि आरडी तर एप्रिलमध्ये हातात येईल. म्हणून मुदत ठेवीचे पैसे आणि दुसऱ्या हंगामाचे ५,००० तिकिटासाठी राखून ठेवा. परतीचं तिकीट परतीच्या तारखेच्या साठ दिवस आधी निघेल, ते वेगळं काढा. सासूबाईंचं वय बरोबर लिहिलं तर खालचा बर्थ मिळायची शक्यता चांगली असते.

राहिला मालकांचा प्रश्न. खर्‍यापासून बोलणं सुरू करू नका. आधी वरचा २२,००० चा कागद समोर ठेवा, त्यात एसटीचं अर्धं तिकीट, महाराष्ट्र एक्सप्रेस आणि आईचं अंबाबाईचं दर्शन दाखवा. मग विचारा, "महिन्याचे सातशे कुठून काढायचे, तुम्हीच सांगा." पुरुषांना स्वतःचा खर्च चांगला माहीत असतो, फक्त दुसऱ्याने बोट ठेवलेलं आवडत नाही. ते स्वतःच तालुक्याच्या चकरा म्हणतील, किंवा खर्रा म्हणतील, किंवा तिसरंच काही काढतील. जे म्हणतील ते वहीत लिहा आणि येत्या बाजाराच्या दिवशी पहिले पैसे भरायला दोघं मिळून जा.